रांगेत जळणारं इंधन

आईला त्या विमानातून मीच मागे ठेवलं. तिकीट माझ्या नोकरीचं, फुकटचं. म्हणजे बाकी सगळे प्रवासी बसल्यावर जागा आणि वजन उरलं तरच चढायचं. मावशीला दुपारी ऑपरेशनला आत नेणार होते. त्याआधी बहिणीचा हात हातात घ्यायचा, एवढंच आईला हवं होतं.

विमानात इंधन किती भरायचं हे ठरवणं माझं काम. लोकांना वाटतं, इंधन उडायला लागतं. उडण्याआधी धावपट्टीच्या रांगेत सरपटायलाही लागतं, आणि तेही आधीच भरावं लागतं. त्यासाठी आमच्याकडे वर्षभराच्या सरासरीचा एक ठरलेला आकडा आहे. साहेबाचा लाडका. मध्यंतरी धावपट्टीकडे जाणारा एक रस्ता दुरुस्तीला बंद झाला, रांगा लांबल्या, आणि त्या आकड्यावर निघालेलं एक विमान रांगेतूनच माघारी आलं. साहेबाने खापर वैमानिकावर फोडलं. आकड्याला कुणी हात लावला नाही.

त्या सकाळी मी खिडकीतून रांग पाहिली आणि इंधन वाढवलं. उभ्या विमानाच्या वजनालाही मर्यादा असते. इंधन चढलं, शेवटचा माणूस राहिला. ती आई होती.

साहेब म्हणाला, "नेहमीचा आकडा घाल आणि आईला बसव. एवढा हरिश्चंद्र होऊ नकोस."

"रांग दिसत नाही का तुम्हाला?"

"मला तुझी आई दिसते."

माणुसकी त्याला नेमकी अशाच वेळी सुचते.

आईला मी माझ्या खोलीत आणून बसवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "रांगेत उभं राहायला तेल लागतं होय? मी जन्मभर फुकटच उभी राहिले."

तेवढ्यात वारा फिरला. वारा फिरला की विमानं धावपट्टीच्या उलट्या टोकाने सोडतात. रांग मोडली, आणि सगळ्यात मागे असलेलं आईचं विमान सगळ्यात पुढे आलं. रांगेत जळायचं इंधन टाकीतच राहिलं, आणि आता ते उडायला जड होतं. जास्तीचं इंधन जाळल्याशिवाय सुटका नव्हती. आमच्या खिडकीसमोरच ते घरघरत उभं राहिलं, आईच्या वजनाचं इंधन जाळत.

आई बघत होती. "उभंच आहे, तर चढव की मला."

"दार एकदा बंद झालं की उघडत नाहीत."

"रुसलेल्या तुझ्या बापासारखं."

साहेब दारात येऊन हसला. "बघ, सरासरीच खरी निघाली."

"वाऱ्याने तुमची लाज राखली," मी म्हणालो. "रोज नाही राखणार."

तो गेला. माझे कान तापले होते. मी बरोबर होतो आणि आई इथे होती. त्या बरोबर असण्याचं काय लोणचं घालायचं?

पुढचं विमान आईला जेमतेम वेळेवर पोचवणार होतं. त्याचं गणित माझ्यासमोर आलं. तेही वजनाने काठोकाठ भरलेलं. पलीकडच्या टोकाला नवी रांग लागली होती. ठरलेला आकडा घातला तर आई बसत होती, माझा घातला तर पुन्हा मागे राहत होती.

मावशीचा फोन आला. "निघतेय गं, तेलात अडकलेय," म्हणून आईने ठेवला. मग माझ्या थांबलेल्या हाताकडे पाहत म्हणाली, "ते माघारी आलेलं विमान. त्यातही कुणी कुणाला भेटायला निघालं असेल ना?"

"असेल."

तिने खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली. "टाक तुझा आकडा. मी बघत नाही."