गुलाबी ठिपक्याची डिस्क

मनाच्या डॉक्टरणीला एक खोड होती. आपल्या प्रत्येक वस्तूवर ती गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. छत्री, चार्जर, डबा, तिच्या तावडीतून काही सुटायचं नाही. "मलाही लाव एक, हरवलो तर सापडेन," नवरा चिडवायचा.

त्याच शहाण्याने सुट्टीत दवाखाना आवरला आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क जुन्या सामानाच्या दुकानात देऊन आला.

"अगं, मेलेली होती ती. कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता."

"मेली म्हणजे आतलं पुसलं गेलं का? जाणकाराच्या हाती पडली तर सगळं बाहेर काढेल तो."

कोण कशाने रडलं, कुणी काय लपवलं, सगळं त्या डिस्कवर होतं. चप्पल पायात सरकवून ती तडक दुकानात पोचली.

डिस्कांची अख्खी टोपली तिने उपसली. ठिपका कुठेच नाही. मान वर केली, तर दुकानदाराच्या टेबलावर, वायरी जोडून, गुलाबी ठिपक्याची तिची डिस्क. आणि मागच्या भिंतीवर त्याचा बायकोबरोबरचा फोटो.

फोटोतली बाई दर आठवड्याला डॉक्टरणीसमोर बसायची. निघताना दर वेळी बजावायची, "घरी कळता कामा नये हं."

एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी त्या बाईचा घात होणार होता.

"ही डिस्क माझी आहे. परत द्या."

"थांबा हो ताई, जीव येतोय तिच्यात. सगळ्यांनी हात टेकले की लोक माझ्याकडे येतात." स्क्रीनवरची हिरवी पट्टी पुढे सरकत होती. "आता फाइली दिसतीलच."

"माझ्या पेशंटांनी विश्वासाने सांगितलेलं आहे त्यात. तुमच्या घरातलं कुणी डॉक्टरकडे मन मोकळं करून आलं आणि ते असं दुकानात उघडलं, तर चालेल तुम्हाला?"

"आमच्या घरातलं कुणी जात नाही असल्या डॉक्टरकडे," तो हसला. पण ते हसू काही टिकलं नाही. "आणि गेलंच, तर कुणी वाचलेलं मी खपवून घेणार नाही."

त्याने वायर उपटली, डिस्क शिकंज्यात घट्ट आवळली आणि स्वतःच्या हाताने ड्रिल चालवलं. आरपार भोकं पडली. आतल्या चकत्यांचा चुरा त्याने झाडून तिच्यासमोर कचऱ्यात टाकला.

डॉक्टरीण लढाई जिंकल्यासारखी घरी आली. आल्या आल्या तिने नवऱ्याच्या नाकावर गुलाबी ठिपका दिला. त्यानेही तो मुकाट्याने देऊ दिला.

पुढच्या आठवड्यात फोटोतली बाई आली ती चक्क हसत.

"काल हे आपणहून म्हणाले, कुणापाशी मन मोकळं करावंसं वाटलं तर खुशाल जा, काय बोललीस ते मी विचारणार नाही. मग मीही सांगून टाकलं, जातेच आहे म्हणून. आज तेच सोडायला आलेत, बाहेर बसलेत. कुठून सुचलं त्यांना, देव जाणे."

डॉक्टरणीला ठाऊक होतं, पण तिने ते पोटातच ठेवलं. आनंदाने तिचा ऊर भरून आला. ती उठली आणि बाहेर बसलेल्या दुकानदारासाठी पंखा लावून आली.