यादीतला एकसष्टावा

“ताई, हे यंत्र असं गप्प बसलं, तर आम्हाला कळायचं कसं?”

मोठ्या सिस्टरने हे विचारलं, तेव्हा चाचणीवाल्या ताईने हसून विषय उडवून लावला होता. मित्रांनो, गप्प बसलेलं ते यंत्र म्हणजे मी. मी एक जुना मॉनिटर आहे. आज सामानाच्या खोलीत कपाटावर धूळ खात पडलो आहे, पण एके काळी नवजात बाळांच्या वॉर्डात तिसऱ्या खाटेशी माझी जागा होती.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. आवाज तपासणाऱ्या बाईने माझी घंटा तीनदा वाजवली आणि कानांवर हात ठेवून शेजारणीला म्हणाली, “बाई गं, हा तर कुंभकर्णालाही उठवेल!” त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुशारकी मारली.

वॉर्डात आलो आणि माझी फुशारकी थोडी उतरली. बाळांची पावलं माझ्या बटणांपेक्षा फार मोठी नव्हती. त्या पावलाला माझी वायर गुंडाळत, आणि रक्तात प्राणवायू किती हे मी मोजायचो. वेळेआधी जन्मलेली बाळं कधी कधी श्वास घ्यायचंच विसरतात. हो, खरंच विसरतात! तळव्याला टिचकी मारली की त्यांना पुन्हा आठवतं. ती टिचकी मारायला कुणाला तरी हाक घालायची, एवढंच माझं काम. आकडा पंच्याऐंशीच्या खाली गेला की मी गळा काढायचो.

आया बाळापेक्षा माझ्याकडेच जास्त बघत बसायच्या. एकीने तर माझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली होती. बोलणीही खाल्ली. वायर सैल झाली तरी मी बोंबलायचो, मग सिस्टर धावत यायच्या आणि म्हणायच्या, “मेल्या, जरा दम धर की!” त्या रागात माया होती.

पुढे मला एक केबल जोडली. माझी हाक थेट सिस्टरांच्या टेबलावर ऐकू जाऊ लागली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्याच केबलवरून मलाही हुकूम देता येतो, आणि हुकूम देणारा कोण हे मी विचारतच नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या काचेवरची धूळ रोज पुसली जायची. आतलं सॉफ्टवेअर मात्र बसवलं त्या दिवसापासून कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

मग रुग्णालयाने संगणकांची सुरक्षा तपासायला त्या चाचणीवाल्या ताईच्या कंपनीला बोलावलं. तिचं काम म्हणजे परवानगी घेऊन घरफोडी! चोर यायच्या आधी आपणच चोरासारखं आत शिरायचं आणि कुठून शिरलो ते मालकाला सांगायचं. तिला आमच्या संगणकांत आणि यंत्रांत अशा शिरता येण्याजोग्या दीडशे फटी सापडल्या. प्रत्येक फट किती धोक्याची, याचे एक तयार प्रोग्रॅम दहापैकी गुण द्यायचा. जिला जास्त गुण, ती आधी बुजवायची, असा नियम होता.

पण मित्रांनो, फट दिसणं वेगळं आणि त्या फटीतून हात घालून कडी काढता येणं वेगळं. यादीतल्या बहुतेक फटींपाशी ताईने डोकं आपटून पाहिलं, कडी काही हाताला लागली नाही. मला मात्र तिने एका रिकाम्या खाटेशी ठेवलं, चाचणीची खोटी नाडी लावली आणि केबलवरून घंटा बंद करायचा चार ओळींचा हुकूम पाठवला. माझा आकडा घसरला, पडदा लाल झाला, पण घंटा वाजेना. टेबलावरही सामसूम.

तेव्हाच मोठ्या सिस्टरने तो प्रश्न विचारला होता.

“सिस्टर, याला साडेपाचच गुण आहेत. यादीत एकसष्टावा आहे हा,” ताई हसून म्हणाली. “आधी वरच्या साठांची काळजी करू या. आणि तुमच्या आतल्या नेटवर्कवर बाहेरचा माणूस येणार कुठून?”

“अहो, बाळांच्या बाबांना मीच तर वायफायच्या पासवर्डच्या चिठ्ठ्या वाटते. ते नेटवर्क वेगळं आहे का?”

ताईने लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून सासूबाई म्हणत होत्या, “अगं, पिल्लूचं अंग तापलंय. निघतेस ना?”

“निघालेच, आई!” म्हणत तिने लॅपटॉप मिटला. तापलेल्या लेकीकडे धावणाऱ्या आईला मी कसा दोष देऊ? पण यादी तशीच गेली. संगणक विभाग महिन्याला वीस फटी बुजवायचा. माझी पाळी चौथ्या महिन्यात येणार होती.

तिसऱ्याच आठवड्यात, भर दुपारी, कुणाच्या तरी फोनमध्ये दडलेला एक भटका प्रोग्रॅम वायफायवरून आत आला. तो दिसेल ते दार ठोठावत सुटला. वायफायची आणि आमची केबल एकच होती. जिथे “कोण?” असं विचारणारं कुणी नव्हतं तिथे तो शिरला, आणि वॉर्डातले आम्ही सहाही मॉनिटर मुके झालो.

माझ्या खाटेवर नऊ दिवसांचा मुलगा होता. तो श्वास घ्यायचं विसरला. ब्याऐंशी. शहात्तर. एकोणसत्तर. मी पडदा लाल केला. पण दोन हात अंतरावर पाठमोरी बसून दुधाच्या नोंदी लिहिणारी सिस्टर कानांवर विसंबून होती, आणि त्या कानांपर्यंत काहीच जात नव्हतं. मित्रांनो, ओरडायचं असताना घशातून आवाज न फुटणं म्हणजे काय, ते मला विचारा.

मोठ्या सिस्टरला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. म्हणून चाचणीच्या दिवसापासून ती दर दहा मिनिटांनी प्रत्येक खाटेपाशी जाऊन बाळाच्या पायाला हात लावायची. बाकीच्या थट्टा करायच्या, “आल्या बघा, पायांची पूजा करायला!” त्या दुपारी तिने तिसऱ्या खाटेतला पाय धरला. तो निळा पडला होता. टिचकी, मग दुसरी टिचकी, मग तोंडावर प्राणवायूची पिशवी. बऱ्याच वेळाने एक बारीक रडणं ऐकू आलं. त्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही.

बाळ वाचलं. पण त्याच्या मेंदूला किती मिनिटं प्राणवायू मिळाला नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. “वाढेल तसं कळेल,” एवढंच ते म्हणाले. त्याची आई मान हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ताई आपल्या साहेबांना घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. तिने ती यादी माझ्यासमोरच पसरली.

“साहेब, वरच्या साठांपैकी फक्त चार दारं माझ्या हातून उघडली. बाकीचे नुसते गुण आहेत. हे दार उघडतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी ते एकसष्टावं ठेवलं.”

“अगं, नियमाप्रमाणेच ठेवलंस ना? मग तुझी चूक कुठे?”

“नियमाला खाटेवर कोण झोपलंय ते दिसत नाही, साहेब. मला दिसत होतं.”

ताईने पेन घेऊन यादी नव्याने लावली. दार खरोखर उघडतं का, तिथवर कुणाला पोचता येतं, आणि उघडलं तर कुणाच्या जिवावर बेतेल, हे प्रत्येक फटीपुढे विचारत गेली. कुठल्याच शंकेवर हसली नाही. संध्याकाळपर्यंत वायफायची केबल वेगळी झाली. माझ्या सॉफ्टवेअरला दुरुस्ती मिळेना, कारण मी फार जुना होतो. म्हणून मला खाटेजवळून काढून या सामानाच्या खोलीत ठेवलं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, त्यांच्या पोटात काय चाललंय तेही अधूनमधून बघा. आणि आवाज आला नाही म्हणून सगळं आलबेल आहे, असं धरून चालू नका. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तो मुलगा आता पहिलीत असेल. त्याचं नाव मला ठाऊक नाही, त्याच्या पायातल्या पट्टीवर फक्त ‘खाट तीन’ लिहिलं होतं. तो कसा वाढला, हे या खोलीत मला कुणी सांगत नाही. तुमच्या वर्गात एखादा मुलगा उशिरा उत्तर देत असेल, धावताना मागे पडत असेल, किंवा एकटाच गप्प बसून राहत असेल, तर उद्या मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि त्याला विचारा, “बरा आहेस ना रे?”