मधला कॉलम

आरमोरीच्या मच्छीमार सोसायटीत कंप्युटर सांभाळणाऱ्या नीलिमाने सभासदांची ओळखपत्रं छापली. बायनाबाईच्या कार्डावर फोटो आला, नाव आलं नाही.

चूक शोधायला तिला वेळ लागला नाही. स्वतःचं नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव आणि आडनाव हे तीन कॉलम जोडून क्वेरी, म्हणजे कंप्युटरला दिलेली आज्ञा, पूर्ण नाव तयार करत होती. त्यातला एक जरी नल, म्हणजे काहीच न भरलेला, असला, तरी जोडलेलं सगळंच नल. बायनाबाईचा मधला कॉलम नल होता. माहिती घ्यायला माणूस गेला तेव्हा ती घरी एकटीच होती, आणि तिच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही.

उद्या तलावात जाळी पडणार होती. कार्डाशिवाय कुणालाच पाण्यात उतरता येणार नव्हतं.

"मावशी, मधलं सोडलं तरी चालते," नीलिमा म्हणाली. "रिकामं असन तं वगळ, असं लिवलं का झालं. बायनाबाई दिघोरे."

"मेला का तो, मधातून काढाले?" बायनाबाई उसळली. "मिरची तोडाले गेला हाये तेलंगणात. येईल."

त्याच्यासोबत गेलेले सगळे कधीच परतले होते. तेव्हापासून गावात कुणी तिच्यासमोर त्याचा विषय काढत नसे.

"मंग नाव सांग ना."

"तो इतक्या दूर, अन् मी नाव घेऊन त्याचं आयुष्य कमी करू काय वं?"

दारात सोसायटीचा चौकीदार लटारू तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा होता. तिच्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा जोडीदार.

"पाह्यलं काय बाई," तो हसला, "आपल्या गावात कोनी विचारत नाई, अन् कंप्युटरले तुह्या नवऱ्याबगर करमत नाई!"

"तुमीच सांगा, भाऊ," नीलिमा म्हणाली.

लटारूचं हसू गेलं. त्याने बायनाबाईकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढला आणि होकारार्थी मान हलवली.

"मंगरू," तो म्हणाला.

नीलिमाने नाव भरलं, क्वेरी पुन्हा चालवली. "बायनाबाई मंगरू दिघोरे," तिने वाचून दाखवलं आणि कार्ड काढून दिलं.

बाहेरून सोबतच्या बायका तिला हाका मारत होत्या. बायनाबाई दारापर्यंत गेली, परत आली.

"बरोबर हाये ना, पोरी? मले वाचता येत नाई. पाह्य बरं अजून."

नीलिमाने पुन्हा वाचलं.

"नाई, मधातलंच."

"मंगरू."

"हो," बायनाबाई म्हणाली, आणि तिथेच बाकावर बसली.