तीनपासून सूर

शनिवारी आमच्या संगीतशाळेत घरच्यांना बोलावलं होतं. बाबा आमच्या टोंगन रिवाजाप्रमाणे कमरेला चांगली चटई गुंडाळून आले, चर्चला जाताना गुंडाळतात ती. दारातच शिक्षकांचे फोटो होते, आणि प्रत्येकाखाली त्याची पार्श्वभूमी. मी संगीताचं शास्त्र शिकवते. माझ्या फोटोखाली सिडनीची पदवी, एडिनबरोचं संशोधन आणि तिथल्या प्राध्यापकांची नावं होती. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"सिडनीपासून सुरुवात," ते म्हणाले. "त्याआधी काय बहिरी होतीस?"

मुख्याध्यापिका हेदर जवळच उभी होती. तिला टोंगन येत नाही, तरी मी आवाज खाली आणला.

"बाबा, त्याला पार्श्वभूमी नाही म्हणत. ते आपलं घरचं."

"हां, घरचं." त्यांनी मान डोलावली. "मग ह्या प्राध्यापकांनी तुला जेवायला तरी घातलं का?"

हेदर पुढे आली. "आणि हे कोण?"

"माझे वडील. विमानतळावर सामान चढवायचे. आता निवृत्त आहेत."

आमच्या वस्तीतल्या, मांगेरेच्या चर्चचा गायकवृंद उभा करणाऱ्या माणसाबद्दल मी एवढंच सांगितलं. खोटं एक अक्षर नव्हतं. बाबांना इंग्रजी कळत होतं. त्यांनी हेदरशी हात मिळवला, सॉसेज रोल खाल्ला आणि एक आत्यासाठी रुमालात बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चला निघताना, बूट घालता घालता ते वारले.

आमचा गायकवृंद पाच रेघांची स्वरलिपी वापरत नाही. फळ्यावर आकडे लिहितात, तीनपासून नऊपर्यंत. तीन म्हणजे पहिला सूर. आधी नुसते आकडे गायचे, मग शब्द. मला अक्षरांच्या आधी हे आकडे आले. सिडनीत बाकीची मुलं नवं गाणं चाचपडत वाचायची, तेव्हा मी मनात आकडे लावून ते सरळ गायचे. कुठे शिकलीस, असं विचारलं की म्हणायचे, आपोआप येतं.

आमच्यात मेलेल्या बापापुढे लेकरांचा मान सगळ्यात खालचा. अंगभर फाटकी चटई, मोकळे केस आणि जागा मागच्या अंगणात, भट्टीपाशी. उशाशी बसते बापाची बहीण. म्हणून बाबांच्या अंत्यविधीला चर्चच्या सभागृहात कालोलाइने आत्या होती आणि मी बाहेर अळकुड्या सोलत होते. मला ते बरंच वाटत होतं. तिथे कुणाला तोंड दाखवावं लागत नव्हतं.

आत गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला सूर घसरला. बायका एकीकडे, पुरुष भलतीकडे.

"ऐकलंस?" शेजारी अळूच्या पानांत मांस बांधणारी हेनेली म्हणाली. "आता तुझा बाप उठून बसणार आणि एकेकाला झोडणार."

"झोडू दे."

"तू जा की. एवढी शिकलीस ती काय अळकुड्या सोलायला?"

"मला आत जायचा मान नाही."

"मान नाही की धीर नाही?"

मी सुरी चालवत राहिले. तेवढ्यात आत्या दारात आली. आमच्यात आत्याच्या वर फक्त देव.

"मेलिआमे, आहेस तशी आत ये. काठी धर."

"आत्या, माझे हात—"

"पुसून ये."

मी गेले. शवपेटीकडे पाहिलं नाही. बाबा जिने गाणं चालवायचे ती काठी घेतली आणि तीनचा सूर शोधायला तोंड उघडलं, तर आत्याने हात वर केला.

"आधी सांग."

मी विसरले नव्हते. पहिल्यांदा काठी धरणाऱ्याने नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि कुणी शिकवलं तेही. सगळ्यांना ठाऊक असलं तरी सांगायचं. बाबांनी हे कितीजणांकडून म्हणवून घेतलं असेल. फक्त माझ्यावर ती वेळ कधी आली नव्हती. मी इथून निघून गेले होते.

"मी मेलिआमे," मी म्हणाले. "वडिलांचं गाव हाआनो."

"पुढे."

मागच्या रांगेत हेदर फुलं घेऊन बसली होती. आता मी शवपेटीकडे पाहिलं. पुढचं मी आधी आमच्या भाषेत म्हणाले आणि मग, तिला कळावं म्हणून, इंग्रजीत.

"मला संगीत माझ्या बाबांनी शिकवलं. सेमीसी फोनुआ यांनी. मी सिडनीला गेले तेव्हा मला गाणं वाचता येत होतं, ते त्यांच्यामुळे."