उलटे खिसे

आमच्या ह्यांचं वजन वाढलं ते बहात्तरच्या दुष्काळात. आता हे सांगितलं की पोरीबाळी हसतात. हसा बाई, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गाव आमचं धारूरच्या घाटाखालचं. सेवा सोसायटीच्या दुकानात सरकारी मिलो, म्हणजे परदेशातली ज्वारी, यायचा. लाल, कडवट, जनावरानंही तोंड फिरवावं असा. तरी त्याच्यासाठी दिवस उगवायच्या आधीपासून रांग. आधीच्या दुकानदारानं त्यातही हात मारला म्हणून त्याला काढलं आणि चाव्या ह्यांच्याकडे आल्या. हे म्हणजे शहादेव, सातवी पास, बोट ठेवायला जागा नाही असं वागणं. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला, पण गावाच्या धान्याची चावी वस्तीत यायला सोळा वर्षं लागली.

चावी देताना चेअरमन माणिकराव हसत म्हणाले, "शहादेव, आदीचा लई गुबगुबीत झाल्ता बरं का!"

दुसरा कुणी असता तर ऐकून सोडून दिलं असतं. ह्यांच्या नाकावर राग. भर रांगेसमोर बोलून बसले, "मग दर शनिवारी मलाबी काट्यावर घाला. वजन वाढलं तर चावी काढून घ्या." आणि लगेच काट्यावर चढले. भरले एकोणपन्नास किलो.

त्याच आठवड्यात दुकानाचा हमाल दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. पोती उचलायची पाळी ह्यांच्यावर आली. जन्मभर लेखणी धरलेला माणूस. पहिलंच पोतं पाठीवरून घसरलं आणि फुटलं. रांग खदाखदा हसली. दुसऱ्या दिवशी उजाडताच हे परसात, धोतर वर खोचून, मोठ्यानं मोजत बैठका काढायला लागले. पन्नास बैठका, वर वीस जोर.

"अवो, पोटात अर्धी भाकर, अन् हे काय खूळ?" मी म्हणाले.

"पोतं उचलाया लागतंय, भिमा."

दुसऱ्या शनिवारी काटा पन्नासवर गेला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या शनिवारी एक्कावन्न.

"गावाच्या बरगड्या मोजून घ्या, अन् ह्यो बघा कसा भरलाय!" रांगेतली छबुबाई ओरडली. तिची जीभ म्हणजे विळा.

दवाखान्यातला कंपाउंडर बंकट रांगेतच उभा होता. तो बिचारा पुढं आला. म्हणाला, "तसं न्हाई. नवी मेहनत सुरू केली की मांसाला आतून सूज येती, अंग पाणी धरतं. तीन-चार हप्त्यात उतरतं."

"पाणी?" छबुबाईनं कमरेवर हात ठेवले. "आडात घागर बुडंना, अन् ह्याच्या अंगात पाणी व्हय रं!"

अख्खी रांग हसली. माणिकराव मात्र हसले नाहीत. "शहादेव, पुढच्या शनिवारी काटा उतरला न्हाई तर चावी ठेव," एवढंच म्हणाले.

घरी येताना हे शांत होते. मी नव्हते. पाण्याचं बंकटचं बोलणं मलाही पटलं नव्हतं. ह्यांच्या ताटात काय पडतं ते माझ्याएवढं कुणाला ठाऊक? अर्धी भाकर, त्यातलाही तुकडा शिवकन्याला. लेक चार वर्षांची, पण मांडीवर घेतली तर हाडं टोचायची. मग दोन किलो आले कुठून?

संशय हा वाईट. एकदा घरात शिरला की उंबऱ्याबाहेर निघत नाही. चोरी केली असेल, असं मनात आलं आणि मीच माझ्या थोबाडीत मारून घेतली. रोज पंचशील म्हणणारा माणूस! पण खरं सांगू का, चोरीचा विचारही मी गिळला असता. मला जाळत होतं ते वेगळंच. खाल्लं असेल तर एकट्यानं खाल्लं. लेकीला मूठभरही आणलं नाही.

"ह्या हप्त्यात बैठका राहू द्या," मी म्हणून पाहिलं.

"बंद केल्या तर पोतं कोण उचलील? तू?"

मंगळवारी सकाळी हे परसात मोजत होते. सदरा खुंटीला होता. एकतीस, बत्तीस. मी सदरा काढला, नाकाला लावला. घामाचा आणि गोणपाटाचा वास. तेहतीस. खिशात हात घातला, शिवण बोटांनी उसवल्यागत चाचपली. चौतीस. कोपऱ्यात मिलोचे तीन दाणे लागले.

मोजणं मधेच थांबलं. दमले असतील, मला वाटलं. मग पुन्हा सुरू झालं, पस्तीस, छत्तीस, पण आवाज बारीक. मी दाणे पदराच्या गाठीत बांधले आणि सदरा होता तसा अडकवला. तीन दाण्यांनी कुणाचं पोट भरत नाही, हे मला कळत होतं. तरी चार दिवस ती गाठ माझ्या कमरेला निखाऱ्यासारखी लागत होती. ह्यांनी पाणी मागितलं की मी तांब्या देत होते, तोंडाकडे बघत नव्हते.

शनिवार आला. अख्खं गाव दुकानापुढं. हे काट्यावर चढले आणि मी डोळे मिटून घेतले. शिवकन्याचा हात एवढा दाबला की ती रडायला लागली.

"साडेअठ्ठेचाळीस," बंकट ओरडला. "उतरलं! म्हटलं व्हतं का न्हाई मी?"

माणिकरावांनी स्वतः वाकून काटा पाहिला. मग म्हणाले, "शहादेव, चावी तुमच्यापाशीच राहू द्या." तुमच्यापाशी म्हणाले. गावानं ऐकलं. छबुबाईसुद्धा पदर सावरत गप्प रांगेला लागली.

मी रडले तिथंच. आनंदानं रडले, असं सगळ्यांना वाटलं.

दुपारी हे भाकरीला घरी आले. हातपाय धुतले, ताटावर बसले आणि माझ्यापुढं तळहात धरला.

"ते तीन दाणे दे. दुकानातले हायेत."

गाठ सुटेना. "अवो, तुमाला कसं..."

"चौतिसाव्या बैठकीला दारातून दिसलीस."

"चुकलं माझं," मी म्हणाले. "लेकीकडं बघून डोकं फिरलं माझं."

"गावानं काट्यावर घातलं, ते मीच सांगितलं व्हतं. पण तू..." हे म्हणाले. दाणे मुठीत घेतले, तसंच उन्हातून दुकानात गेले, पोत्यात टाकून परत आले आणि जेवले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढले, झटकले, आणि उलट्या खिशांनी सदरा खुंटीला अडकवला. मला वाटलं, राग आहे, जाईल चार दिवसांत.

पुढं पाऊस झाला, मिलो गेला, दुकानही दुसऱ्याकडे गेलं. माझ्यावर ह्यांनी कधी आवाज चढवला नाही. पण त्यानंतर एकतीस वर्षं, शेवटच्या आजारात अंथरूण धरेपर्यंत, रोज संध्याकाळी आधी खिसे उलटे व्हायचे आणि मग सदरा खुंटीला लागायचा. सकाळी ते खिसे सरळ मी करायची.