अकरावा रंग

“साहेब, दार खरंच अडकलंय,” सुतार कुजबुजला.

दिग्दर्शकाने मागे न बघताच त्याला गप्प राहण्याची खूण केली. भिंतीतल्या भोकाला कॅमेरा लावलेला होता आणि आत चौघे नट जिवाच्या आकांताने दार बडवत होते. सिनेमाच तसा होता. एकमेकांना न ओळखणारी चार माणसे एका जीवघेण्या चक्रव्यूहात सापडतात. एका खोलीतून सुटली की दुसरीत अडकतात. सुताराने बांधली होती मात्र एकच खोली, कारण निर्मात्याची उडी तेवढीच होती. रोज तिला नवा रंग दिला की झाली नवी खोली.

“आज काय जीव ओतलाय चौघांनी,” दिग्दर्शक खुशीत म्हणाला. “धूर वाढवा.”

सुताराने दाराला कान लावला. आतला आरडाओरडा संहितेतलाच होता, पण दार चौकटीत रुतल्याचा तो बद्द आवाज त्याने तीस वर्षांत कितीदा तरी ऐकला होता. चूकही त्याचीच. रंगाचे थर चढून दाराची कड जाड होते, म्हणून तो रोज सकाळी तिच्यावर रंधा मारायचा. आज अकरावा रंग, आणि नेमका आजच गप्पांच्या नादात रंधा राहून गेला होता.

त्याने बाहेरून दार ओढून पाहिले. ते ढिम्म हलेना. भिंत कापावी तर एकुलत्या एका खोलीची वाट लागणार, आणि सिनेमाचा शेवट अजून घ्यायचा होता. तेवढ्यात आतल्या वयस्कर नटीला खोकल्याची ढास लागली. संहितेत खोकला नव्हता. मग मात्र त्याने कोणाला विचारले नाही. मागच्या भिंतीला पटाशीने भोक पाडून करवत घातली, फळी उचकटली आणि आत हात घालून एकेकाला बाहेर ओढले.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. “अहो, काय केलंत हे? आता शेवट कुठे घेऊ?”

“माणसं आत होती, साहेब.” फुटलेल्या खोलीकडे बघून सुताराला रडू येत होते.

वयस्कर नटी पाणी पिऊन म्हणाली, “त्यांना कशाला बोलताय? मी बाहेर आले, माझ्यापुरता सिनेमा संपला.”

दिग्दर्शकाने वळून कॅमेऱ्याकडे पाहिले. तो अजून चालूच होता.

सिनेमा लागला तेव्हा सुतार बायकोला घेऊन दुपारच्या खेळाला गेला. पडद्यावर चौघे धुरात दार बडवत होते. एकाएकी मागची भिंत थरथरली, करवतीचे पाते आत आले, फळी निखळली आणि उजेडातून एक हात पुढे झाला. सगळ्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. सुतार मान खाली घालून बसला होता.

“हात तुमचाच ना?” बायकोने विचारले.

“हं.”

“लगेच ओळखला. घरातली फळी ठोकायला तेवढा येत नाही.”

मग तिने अंधारात चाचपून तो हात आपल्या हातात घेतला, आणि दिवे लागल्यावर लोक उठून जाऊ लागले तरी सोडला नाही.