दोन्ही घरांचा एकच आकडा

मामांच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीची, अक्काची वाचा गेली. जुळी चार महिन्यांची होती तेव्हा परदेशातून भाच्याचा फोन आला; अक्का त्याच्याकडेच राहायची.

"मामा, आई बोलत नाही. डोळे तेवढे फिरतात. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन-तीन दिवस."

मामा पुस्तकं बांधायचे. दुकान टाकून त्याच दिवशी निघाले असते, पण व्हिसाला तीन आठवडे लागणार होते. भाच्याच्या त्या देशात फोनवर चेहरा दिसायची सोय सरकारने बंद करून टाकलेली. नुसता आवाज जायचा, आणि अक्काकडून आवाज येणार नव्हता. तिच्या खाटेसमोर भाच्याने कॅमेरा लावला होता, पण तो त्याच्या घरातल्या घरातच दिसायचा.

"आपण व्हीपीएन टाकू," भाचा म्हणाला. "दोन घरांमधला बंद बोगदा समजा. या तोंडाला माझा राउटर, त्या तोंडाला तुमचा. मग हा कॅमेरा तुम्हाला तिथे बसून दिसेल, आणि तुम्ही बोललेलं तिला ऐकू येईल. माझ्या राउटरच्या पानांचे फोटो पाठवतो, त्याप्रमाणे भरा. बोगद्याची किल्ली, म्हणजे एक लांबलचक परवलीचा शब्द, वेगळी पाठवतो."

घोडं पेंड खाणार होतं ते इथेच, पण तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मामांना अक्षरओळख झाली ती चाळिशी उलटल्यावर, आणि ती करून दिली अक्काने. तोवर लोकांची पुस्तकं ते नुसती शिवत. अक्का पाटीसमोर बसवून म्हणायची, "जसं आहे तसं उतर. काना म्हणजे काना. आपली अक्कल पाजळू नकोस." इंग्रजी अक्षरं तर त्यांना अजूनही नुसती आकारावरून कळत.

शुक्रवारी सकाळी ते लॅपटॉपपुढे बसले. कागदाच्या घड्या दाबायची हाडाची पट्टी ओळीखाली धरून एकेक अक्षर उतरवलं. चव्वेचाळीस अक्षरांची किल्ली तीनदा चुकली, चौथ्यांदा बरोबर आली. पडद्यावर हिरवा ठिपका लागला.

"लागला!" मामा ओरडले.

"माझ्याकडेही लागला. आता कॅमेऱ्याच्या पत्त्याचा आकडा टाका."

टाकला. पडदा काळाच. बंद करून चालू केलं, काळाच. दुपार गेली. किल्ली पुसून पुन्हा भरली, हिरवा ठिपका पुन्हा लागला, आणि पडदा काळाच्या काळा.

"अहो, दोन घास खा," मामी म्हणाल्या. "डब्यापुढे डोकं आपटून तो उघडणार आहे का?"

"तू गप्प बस. माझी बहीण आहे त्यात."

"माझी नणंद नाही का ती? तिच्यासाठीच सांगतेय. उपाशीपोटी अक्षरं हलतात डोळ्यांपुढे."

शनिवारी दुपारी भाच्याचा आवाज बसलेला होता. "मामा, आईचा श्वास लांबतोय. मला आता काही सुचत नाही. तुम्ही काय काय भरलंत, पहिल्या पानापासून वाचा."

मामांनी पट्टी वरच्या ओळीखाली धरली. "घराचा पत्ता. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, पन्नास, एक."

"थांबा. हा माझ्या घराचा आहे."

"तूच पाठवलास की."

"ते पान नुसतं दाखवायला होतं, मामा! तुमच्या राउटरचा आधी वेगळा आकडा असेल."

"होता. मी खोडून तुझा घातला. जसं होतं तसं उतरवलं."

भाचा म्हणाला, "दोन्ही घरांना एकच पत्ता झाला. तुमचा राउटर कॅमेरा तुमच्याच घरात शोधत बसतो. बोगद्यात पाऊलच टाकत नाही."

मामींनी जुळ्यातला एक खांद्यावर घेतला होता. त्या म्हणाल्या, "म्हणजे या दोघांना एकाच नावाने हाक मारली तर जवळचाच पाहणार. पलीकडच्या खोलीतल्याला कळणार कसं?"

दीड दिवस. अक्काचे डोळे उघडे होते, तो दीड दिवस.

"पन्नासच्या जागी साठ करा," भाचा म्हणाला. "मी इकडे तुमचा साठ लावतो."

मामांचं बोट दोनदा भलत्याच आकड्यावर पडलं. मामींनी मनगट धरलं, मग साठ लागला. राउटरचे दिवे विझले, एकेक करून परत आले. तीन वाजून दहा मिनिटांनी पडदा उजळला.

अक्का कुशीवर होती. केस कुणीतरी नीट विंचरले होते. पांघरुणाबाहेर एक हात, बोटं मिटलेली.

"अक्के," मामा म्हणाले. "मी आहे गं."

तिचे डोळे हलले. कॅमेऱ्याकडे आले नाहीत. दाराकडे गेले आणि तिथेच थांबले.

"मामा, तिला वाटतंय तुम्ही बाहेरच्या खोलीत आलात," भाचा हळूच म्हणाला. "सांगू का तिला?"

"नको. वाटू दे." मग मामा पडद्याजवळ सरकले. "अक्के, चपला काढतोय. आलोच."

ती दाराकडेच बघत राहिली. मामा बोलत राहिले. दुकानाचं, जुळ्यांचं, पाटीचं. मध्येच चित्र अडकायचं, तेव्हा ते थांबायचे आणि सुरू झालं की पुन्हा बोलायचे. 'माझं चुकलं' एवढंच काय ते त्यांच्या तोंडून निघालं नाही.

अक्का त्याच शनिवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी वारली. ती एकाहत्तर वर्षांची होती.